जेवढा मामा आत, तेवढा रेल्वेचा

आमच्या घराण्यात कायद्याचं ज्ञान एकट्या माझ्याकडे आहे, आणि ते माझ्याकडेच राहावं अशी घरातल्या सगळ्यांची मनापासून इच्छा आहे. वडगावच्या कोर्टात एका वकिलांकडे मी बरीच वर्षं कारकुनी केली. (वकील मी नव्हे. पण वकिलांचा काळा कोट अनेकदा माझ्या हातात असायचा, कारण तो इस्त्रीला मीच टाकायचो.) त्यामुळे आमच्या तळेगावच्या गल्लीत नळावरून भांडण झालं तरी मी मध्ये पडून विचारतो, "हे प्रकरण नक्की कुणाच्या हद्दीत येतं?" बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटतं. दोन्ही बाजू मिळून माझ्यावर घसरतात.

तर माझी थोरली बहीण, अक्का, वराळ्यात दिलेली. तिच्या मोठ्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं लोणावळ्यात. नवरदेव तिथलाच, आणि कार्यालय स्टेशनजवळ, रेल्वेच्या भिंतीला अगदी खेटून. आमच्याकडे लग्नात मुलीच्या मामाला दोन कामं असतात. एक, बोहल्यावर नेसायची पिवळी साडी आणायची. दोन, मंगलाष्टकांच्या वेळी मुलीला घेऊन यायचं आणि तिच्या मागे उभं राहायचं. दोन्ही कामांना अक्कल लागत नाही. म्हणूनच पूर्वजांनी ती मामाकडे सोपवली असावीत.

सकाळी कार्यालयात पोचल्यावर मी बायकांच्या खोलीत मोठ्या ऐटीत पिशवी पुढे केली. अक्काने सगळ्यांसमोर ती उघडली. आतून इस्त्रीला द्यायची चादर निघाली.

"बोहल्यावर चादर नेसवू व्हय रं पोरीला?" अक्का म्हणाली.

माझी बायको मंगल म्हणते की तिने मला खुर्चीवरची पिशवी घ्यायला सांगितलं होतं. मला आठवतं त्याप्रमाणे तिने पिशवी घ्यायला सांगितलं होतं, आणि मी पिशवी घेतली होती! खुर्चीचा मुद्दा नंतर घुसडण्यात आला. पण अक्कापुढे युक्तिवाद चालत नाही. पल्लवीचा चेहरा रडवेला झाला होता. ती हळूच म्हणाली, "मामा, मला तुमचीच साडी नेसायचीये." हे ऐकून मात्र मला खरंच भरून आलं. मी तसाच, डोक्यावर फेटा आणि अंगात नवा रेशमी कुर्ता, तळेगावला निघालो. रविवार होता. सगळं पुणं आणि सगळी मुंबई चिक्की खायला आल्यासारखी रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, म्हणून मी गाडीचा नाद सोडला आणि लोकल पकडली. साडी घेतली, पुढच्या लोकलने परत आलो. इथवर सगळं सुरळीत झालं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

लोणावळ्याला उतरलो तर कार्यालयाचा लाऊडस्पीकर फलाटावर स्वच्छ ऐकू येत होता. पुढाऱ्यांचे सत्कार चालू झाले होते. कार्यालय समोर, रुळांच्या पलीकडे. पूल मात्र पार त्या टोकाला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की समोरच्या भिंतीला एका जागी खिंडार आहे आणि पलीकडे आचाऱ्याच्या मोठ्या कढईतून धूर निघतोय. भुकेल्या मामाला याहून अधिक काय पाहिजे? मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, रूळ ओलांडले आणि खिंडारात डावा पाय घातला. पाय पलीकडे गेला. पोट गेलं नाही. कुर्ता सळईत अडकून फाटला, आणि मागून शिट्टी वाजली.

"ओ फेटेवाले, जागचे हलू नका."

ते मला शक्यही नव्हतं. आले ते रेल्वे सुरक्षा दलाचे जवान, शेलार नावाचे. जेवता जेवता उठून आले असावेत, मिशीला वरणाचा थेंब होता. त्यांनी आधी माझा कुर्ता सळईतून अलगद सोडवला. मग म्हणाले, "एवढा पूल बांधलाय तो काय शोभेला हाय का? गाडी आली असती तर? जावा आता, परत असं करू नका."

इथे मी 'बरं' म्हणून गेलो असतो तर ही हकीकत इथेच संपली असती आणि मला जिलेबी गरम मिळाली असती. पण माझ्या अंगात वकिलांचा कोट शिरला.

मी म्हणालो, "एक मिनिट. आपण मला कोणत्या अधिकारात थांबवलंत?"

"म्हंजे?"

"रेल्वे सुरक्षा दलाचं काम रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण करणं. मी रेल्वेची मालमत्ता नाही. माणसांचं बघायला लोहमार्ग पोलीस आहेत, ते राज्य सरकारचे. शिवाय हा माझा डावा पाय पाहा. तो गावच्या पोलिसांच्या हद्दीत आहे. त्याला हात लावायचा तर त्यांना बोलवा."

शेलारांनी वाकून माझा डावा पाय नीट पाहिला. मग म्हणाले, "त्यो पाय ऱ्हाऊ द्या तिकडंच. जेवढे आत हायेत तेवढे या माझ्यासंगं."

जेवढा मी आत होतो त्यात फेटा, डोकं, पोट आणि साडीची पिशवी एवढं सगळं येत होतं, त्यामुळे डाव्या पायालाही नाइलाजाने यावं लागलं. चौकीत एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "काका, रूळ ओलांडलेत का?"

"ओलांडले की नाही हा नंतरचा प्रश्न," मी म्हणालो. "आधी अधिकारक्षेत्राचा मुद्दा निकाली काढा."

"रूळ ओलांडणं आमच्याकडेच येतं, काका. रेल्वेचा कायदाच आहे तसा. चोऱ्यामाऱ्या, हाणामाऱ्या लोहमार्ग पोलिसांकडे. आणि इथे केलेला गुन्हा माणूस भिंतीपलीकडे गेला म्हणून पुसला जात नाही. समज देऊन सोडतोय, जा लग्नाला."

दुसऱ्यांदा सुटलो होतो! पण माणसाचे ग्रह फिरले की आधी जीभ फिरते. मी म्हणालो, "समज तोंडी नको. जे काय करायचं ते कायदेशीर करा. आणि मला लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात द्या."

बाईंनी शेलारांकडे पाहिलं, शेलारांनी छताकडे पाहिलं. मग ते मला त्याच फलाटावरच्या लोहमार्ग पोलिसांच्या चौकीत घेऊन गेले. तिथल्या हवालदारांनी विचारायला सुरुवात केली.

"पाकीट मारलं?"

"नाही."

"मोबाईल गेला?"

"नाही."

"कुणी मारहाण केली?"

"अजून नाही."

"मग हितं कशाला आलात?"

"मला तुमच्या ताब्यात यायचंय."

हवालदारांनी मला पाणी दिलं, फेट्याखाली काही लागलंय का ते पाहिलं आणि शेलारांना हळूच सांगितलं, "घरचं कुणी हाय का ह्यांच्या संगं, बघा."

घरचे सगळेच होते, भिंतीपलीकडे. लाऊडस्पीकरवर ऐकू येत होते. एरवी लग्नातल्या सत्कारांना मी मनातल्या मनात शिव्या घालतो. त्या दिवशी मी देवाला सांगत होतो, अजून एक माजी सरपंच पाठव. दूध सोसायटीच्या संचालकांचा सत्कार झाला, तसा जीव भांड्यात पडला. उपसरपंचांनी दोन शब्द बोलायला माईक घेतला तेव्हा मला त्यांच्याबद्दल अतोनात प्रेम वाटलं. पण मावळातसुद्धा पुढारी कधीतरी संपतात. शेलारांनी मला परत बाईंच्या टेबलासमोर आणून उभं केलं आणि तेवढ्यात आवाज घुमला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन बोहल्याकडे यावं. मुलीचे मामा जिथं कुठं असतील तिथून यावं."

त्या क्षणी मी सगळा कायदा विसरलो. तिकडे पल्लवी साडीसाठी खोळंबलेली, आणि इथे मी हद्दी मोजत बसलेलो. फोन वाजला. अक्का.

"कुटं हाईस?"

"पोचलोच."

"कुटं पोचलास?"

"तसा अगदी जवळ आहे. अधिकारक्षेत्राचा एक मुद्दा..."

"तुज्या बाजूला कोन हाय? त्याला फोन दे."

मी फोन शेलारांना दिला. अक्काचा आवाज फोनशिवायही आला असता.

"सायेब, त्याला ठिवा तुमच्याकडंच. आमाला न्हाई घाई. पन तेवढी पिवळी साडी तरी सोडा."

बाईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "शेलार, साडी द्या पोचवून. आणि मामांनाही न्या. यांना सगळं कायदेशीर हवंय ना, मग कागद मी तयार ठेवते. लग्न लागेपर्यंत नजरेआड होऊ देऊ नका, नंतर परत घेऊन या. आणि हे नक्की मुलीचेच मामा आहेत का, तेवढं तिथे विचारून घ्या."

पूल चढून, पूल उतरून, मी पुढे आणि वर्दी मागे, अशी आमची मिरवणूक कार्यालयात शिरली. सनईवाला मध्येच थांबला. दारात अक्का उभी होती. तिने माझ्या हातातली पिशवी हिसकावली, उघडून साडी आहे याची खात्री केली आणि आत पाठवली.

शेलारांनी विचारलं, "ताई, हे मुलीचे मामाच ना?"

अक्काने मला फेट्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "म्या न्हाई वळकत ह्या मानसाला. घिऊन जावा."

"अक्का, अगं..."

"साडी वळकती म्या. मानूस न्हाई."

शेलारांचा हात माझ्या दंडावर आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी अजिबात लपवत नाही. तेवढ्यात आतून पल्लवी ओरडली, "मामा, कुठे जाऊ नका, मी आलेच." साडी नेसून ती बाहेर आली, माझा दुसरा दंड धरला आणि थेट बोहल्याकडे निघाली. शेलारांनी पहिला सोडला नव्हता. त्यामुळे मुलीला मामा घेऊन आला की मामाला मुलगी घेऊन आली, की दोघांना रेल्वे घेऊन आली, हे मंडपात कुणालाच कळलं नाही. मंगलाष्टका झाल्या. मुलीच्या मागे मी, माझ्या मागे शेलार. अक्षता दोघांवर सारख्याच पडत होत्या.

आणि मग नवरदेवाकडच्या आबांनी मानाचा टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन मामांना बोलावलं. बोहल्यावर एक घामाघूम, कुर्ता फाटलेला माणूस होता आणि एक ताठ उभा, वर्दीतला. आबांनी क्षणाचाही विचार न करता टोपी शेलारांच्या डोक्यावर ठेवली.

"आबा, मी न्हाई मामा," शेलार म्हणाले.

"लाजता काय पावनं," आबा म्हणाले आणि नारळही दिला.

मी अक्काकडे पाहिलं. तिने शेलारांना आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः जिलेबी वाढली. मी शेजारी बसलो, कारण मला नजरेआड व्हायची परवानगी नव्हती. नंतर आम्ही परत पुलावरून चौकीत गेलो आणि जे कायदेशीर होतं ते मी निमूटपणे निस्तरलं. हद्दीविषयी अवाक्षर काढलं नाही.

आता अक्काच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय. परवा पत्रिका घरी आली. मामा म्हणून श्री. शेलार यांचं नाव मोठ्या अक्षरात आहे. माझं नाव मी विनीतांत शोधलं, निमंत्रकांत शोधलं, कार्यवाहक मंडळींत शोधलं. शेवटी मंगलला सापडलं. अगदी खाली, 'किलबिल' या मथळ्याखाली, तीन वर्षांच्या चिंगीच्या नावानंतर. मी अक्काला फोन करून जाब विचारला, तर म्हणाली, "बरोबर छापलंय. लहान पोरांवर कुनी ना कुनी नजर ठिवून असतं."