बेंबीभोवतीचे ठिपके

माझ्या नवऱ्याच्या पोटावर बेंबीभोवती चार काळे ठिपके आहेत आणि त्यांच्या खाली कातडी गोळा झालेला एक मोठा डाग. लग्नानंतर आम्ही कोकणात फिरायला गेलो, तेव्हा समुद्रावर भर उजेडात ते मी पहिल्यांदा नीट पाहिले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बिब्बा दिलता लहानपणी. पोट फुगलं होतं म्हणं."

"कुणी दिला?"

"घरच्यांनीच. मला काय आठवणार? तान्हा होतो मी."

बिब्बा दिव्यावर तापवला की त्यातून काळं तेल सुटतं. ते दाभणाच्या टोकावर घेऊन लेकराच्या पोटावर टेकवतात. कातडी जळते. लेकरू रडून रडून दमतं आणि गप होतं, मग मोठी माणसं म्हणतात, बघा, गुण आला. असे ठिपके आपण आधी कुठंतरी पाहिलेत, असं मला तिथं वाळूत उभ्या उभ्या वाटलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र बघत होते, तो विचार तिथंच राहिला. एक गोष्ट मात्र मी डोक्यात पक्की करून टाकली, की माझी सासू बिब्बा देणारी बाई आहे.

नवरा कळंबला हायस्कूलवर शिक्षक. आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. त्याचं घर बेंबळीला, घरात मेंढरं, आणि मेंढरांमागं सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणायचे. पहिली दोन वर्षं आत्यांचा आणि माझा संबंध सणावारापुरताच आला. रविवार उजाडला की आम्ही गाडीला किक मारून बाहेर. परांड्याचा किल्ला झाला, नळदुर्ग झालं, येडशीचं रान झालं. भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याची बाटली एवढंच सोबत. माकणीहून माझी आई फोनवर म्हणायची, "तुमाला घर खायला उठतंय का गं?" ते दिवस फार चांगले होते, आणि मी तेव्हा कुणावर संशय घेत नव्हते. मला वेळच नव्हता.

मग मला दिवस गेले. आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी करतात, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. सातवा लागला की आई येते आणि लेकीला घेऊन जाते. माझ्या आईनं तर शेवया, डिंक, खारीक सगळं भरून ठेवलं होतं. आणि आत्या बेंबळीहून आल्या, दारात चपला काढल्या आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाल्या, "बाळंतपण हितंच करायचं. म्या येऊन ऱ्हाते."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. ही बाई मेंढरं सोडून एक दिवस कुठं राहत नाही. पोराच्या लग्नादिवशीसुद्धा अक्षता पडल्यावर घरी जाऊन कोकरांना पाणी दाखवून आली होती. ती आता सगळी मेंढरं दिरावर टाकून कळंबात दोन खोल्यांत राहणार, ते कशासाठी? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दवाखाना जवळ आहे इथं. आई बरोबरच म्हणतीय की." तो आईच्या बाबतीत नेहमीच असं बोलतो, जसं काही निकालपत्र वाचून दाखवतोय.

माझी आई रुसली. लोक काय म्हणतील, लेकीचं पहिलं बाळंतपणसुद्धा झेपलं नाही म्हणतील, असं बोलून तिनं फोन ठेवला. मला रडू आलं. आत्यांनी ते पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

मुलगी झाली. आत्या त्यांचं बोचकं घेऊन आल्या त्या राहिल्याच. त्या एकदा बाजारात गेल्या तेव्हा मी ते बोचकं सोडलं. हो, सोडलं. तान्ही पोर घरात असताना मी शिष्टाचार पाळत बसणार नव्हते. ओवा, बाळंतशेपा, सुंठ, आणि तळाला चिंधीत बांधलेले मूठभर बिब्बे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"अगं, पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देतात. आईचे पाय बघ की एकदा, सगळे काट्यांनी भरलेत."

"कळंबात कुठले काटे आलेत?"

तो मोबाईल बघायला लागला.

त्या दिवसापासून मी डोळ्यात तेल घालून बसले. आत्या पाय पसरून बसायच्या, पोरीला नडग्यांवर पालथी घालून कोमट पाणी ओतायच्या, आणि मी न्हाणीच्या दारात उभी. टाके दुखायचे, तरी उभी. "बस की जरा," त्या म्हणायच्या. "आहे तशी बरी आहे," मी म्हणायचे. न्हाणं झालं की लंगोट बदलायच्या निमित्तानं मी पोट तपासायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काय बघतीस गं?" मी म्हणाले, "पुरळ आलंय का बघते." त्यांना पटलं नव्हतं हे मला कळलं.

त्याहून मोठी गोष्ट पुढं घडली. आई माकणीहून पोरीला बघायला आली. रुसवा काढला, पोरीला मांडीवर घेतलं, तिच्यासाठी चांदीचे वाळे आणले होते ते घातले. आई असेपर्यंत आत्या त्या खोलीतून हलल्या नाहीत. चहा करायला मला लावलं. आई एसटीनं परत गेली, आणि आत्यांनी लगेच पोरीचं झबलं वर करून पोट बघितलं, बेंबीभोवती बोट फिरवलं. मी दारातून पाहिलं. म्हटलं, बाई जागा शोधतीय.

पोरीला चौथा महिना लागला आणि संध्याकाळ झाली की ती रडायला लागली. पोट टम्म व्हायचं, पाय पोटाशी घ्यायची. डॉक्टरांनी तपासलं, थेंब लिहून दिले, म्हणाले, गॅस आहे, काही काळजी करू नका. आत्या ते ऐकत होत्या. घरी आल्यावर त्या बराच वेळ पोरीच्या पोटावर तळवा ठेवून बसल्या. नवऱ्याची शाळा, मी अंघोळीला जाणार, कधीतरी डोळा लागणार. बिब्बा टेकवायला केवढा वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी नवऱ्याला सांगितलं, "मला माकणीला सोडा. आजच."

तो रविवार होता, त्यालाही गाडीवर बाहेर पडायला निमित्त हवंच होतं. मी पिशवी भरायला लागले तशा आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जाऊ नगंस. ऊन लई हाय."

"सकाळचं निघतोय आत्या. पोहोचू उन्हाच्या आत."

"मग म्या बी येते संगं."

"गाडीवर चौघं कसे बसणार?"

"म्या एसटीनं येते."

"नको," मी म्हणाले. इतकं रोखठोक मी त्यांना आधी कधी बोलले नव्हते. त्या बाजूला झाल्या. मी गाडीवर बसले, पोरीला ओढणीनं छातीशी बांधलं, तेव्हा त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "लेकराला एकटं सोडू नगंस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी माझ्याच माहेरी निघाले होते, आणि ही बाई मला शिकवत होती.

पण गाडी चालू झाली तसं बरं वाटलं. पोर झाल्यापासूनचा आमचा पहिलाच प्रवास. नवरा गाडी इतकी सावकाश चालवत होता की सायकलवाला पुढं गेला. झाडाखाली थांबत थांबत, पोरीला पाजत आम्ही निघालो होतो. बेंबळीजवळ तो म्हणाला, "घरी जाऊन पाच मिनिटं मेंढरं बघून येऊ?" मी नाही म्हणाले. मला एकदाचं माकणी गाठायचं होतं. गावाजवळ आल्यावर धरणाचं पाणी दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी शाळा होती म्हणून नवरा संध्याकाळीच परत फिरला. आईनं गरम भाकरी, मेथीची भाजी वाढली, माझ्या डोक्याला तेल लावलं. पोरीला तिनं घेतलं ते सोडलंच नाही. मी काही बघितलं नाही, काही तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाले आणि कित्येक महिन्यांनी मेल्यासारखी झोपले.

जागी झाले ती पोरीच्या रडण्यानं. ते भुकेचं रडणं नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात धावले. शेजारच्या म्हातारीनं पोरीचे पाय धरले होते. भर दुपारी दिवा पेटवलेला होता. आईच्या हातात दाभण होतं, आणि पोरीच्या बेंबीभोवती चार काळे ठिपके.

मी पोरीला हिसकावून घेतलं.

"अगं, पोट लई फुगलं होतं," आई म्हणाली. तिला मी रागावले याचंच नवल वाटलं होतं. "तू थकलीयस म्हणून उठवलं न्हाय. तुझ्या भावाला न्हाय का दिलता? काय झालं त्याला?"

माझ्या भावाच्या पोटावर ठिपके आहेत. लहानपणापासून तो विहिरीत पोहायला उतरायचा, उन्हाळ्यात उघडा अंगणात झोपायचा, मी रोज ते बघत आले होते. समुद्रावर मला आठवता आठवता राहिलं ते हेच. नवऱ्याच्या पोटावरचे ठिपके मी तीन वर्षं डोक्यात घेऊन फिरले, आणि भावाचे मला दिसलेच नव्हते, कारण ते माहेरचे होते.

रात्रीपर्यंत पोरीच्या पोटावर फोड आले. बिब्बा काहींना उततो, सगळं अंग सुजतं. ताप चढला. भावानं जीप बोलावली, धाराशिवच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरबाईंनी पोट बघितलं आणि मला विचारलं, "शिकलेल्या आहात ना तुम्ही?" मी मान खाली घातली. आई मागं उभी होती. तिला मी म्हणाले, "तू जा घरी. माझ्या डोळ्यासमोर थांबू नको." ती गेली.

सकाळी नवरा आत्यांना घेऊन आला. आता त्या बोलणार आणि मी ऐकून घेणार, अशी मनाची तयारी करून मी बसले होते. त्यांनी चादर बाजूला करून पोरीचं पोट बघितलं. मग माझ्या शेजारी खाली फरशीवरच बसल्या.

"ह्याला बी असाच उतला होता," त्या नवऱ्याकडं बोट करून म्हणाल्या. "महिनाभर दवाखान्यात. जगतंय का न्हाय, कुणाला ठावं नव्हतं. म्या पानी आनायला गेलते, तेवढ्यात माझ्या आईनं दिला."

"तुमच्या आईनं?"

"पयलं बाळंतपण न्हवं का. माहेरीच व्हते म्या."

नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही आत्या? एकदा तरी सांगायचं."

"काय सांगू? तुझ्या आईवर माझा भरवसा न्हाय म्हनून? आनि माझ्याच आईनं केलं, ते कुनाला सांगावं?"

मला तेव्हा न्हाणीचं दार आठवलं, त्यांनी पोरीचं झबलं वर करून बघितलेलं आठवलं. बोचक्यातले बिब्बे खरंच काट्यांसाठी होते. आम्ही दोघी एकाच पोटावर पहारा देत होतो, मी त्यांच्या हाताकडं बघत आणि त्या माझ्या आईच्या.

पोर बरी झाली. ठिपके राहिले. त्यातल्या एकाचा मोठा डाग झालाय, बापासारखाच. कळंबला परत आल्यावर आईचे फोन यायचे, मी उचलायचे नाही. आत्या बघत असायच्या. एकदा पोरीला पावडर लावता लावता म्हणाल्या, "म्या बी बोलले न्हाय माझ्या आईसंगं. ती मरंस्तवर."

"मग? बरोबरच केलं तुम्ही."

"मातीला गेले, तवा चुलत्यानं सांगितलं. ती रोज इचारायची म्हनं, नातू चालाय लागला का."

एवढं बोलून त्या पोरीला झबलं घालायला लागल्या. मी त्या दिवशीही फोन उचलला नाही.

आठवड्याभरानं आई न सांगताच आली. स्टँडवरून चालत आली होती, हातात पिशवी, चेहरा उन्हानं काळवंडलेला. दारातच थांबली. मी ये म्हणाले नाही आणि जा म्हणाले नाही. पोरीला घट्ट धरून उभी राहिले. आत्या आतून आल्या. माझ्या हातातून पोरीला घेतलं आणि आईच्या हातात दिलं.

"घ्या इहीनबाई. तुमची नात हाय. न्हायची ऱ्हायलीय आजून, तुमीच घाला न्हाऊ."

आई रडायला लागली. न्हाणीत जाऊन पाय पसरून बसली, पोरीला नडग्यांवर घेतलं. आत्यांनी पाण्याची बादली तिच्याजवळ ठेवली, कोपरानं पाणी बघितलं. मग बाहेर येऊन न्हाणीच्या उघड्या दारात बसकण मारली, आणि शेजारच्या फरशीवर हात आपटून मला म्हणाल्या, "बस हितं. त्या न्हाऊ घालतील, आपुन दोघी बघू."

मी बसले. आई पाणी ओतत होती, तिनं एकदाही आमच्याकडं वर पाहिलं नाही. पोर हसत होती.