दारावरच्या पाटीचा डाव

आमच्या घरात पत्त्यांतल्या गुलामाला कामगार म्हणतात. पप्पांचा आदेश. त्यांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, ती वाटत मी मोठी झाले, त्यामुळे मलाही ते योग्यच वाटतं.

मानखुर्दच्या संक्रमण शिबिरातून आम्ही घाटकोपरच्या नव्या इमारतीत आलो, तेव्हा दारावरच्या पाटीवरून भांडण झालं. पप्पांना नुसतं आडनाव हवं होतं. मला चौघांची नावं, तीही अकारविल्हे, म्हणजे कोणी वर-खाली नको. बहीण म्हणाली, "पाटीच नको, बेल वाजते ना?" आई म्हणाली, "मी जिंकल्यावर सांगेन."

कारण निकाल पत्त्यांवर लावायचा ठरला होता. खेळ मी कॉलेजातून आणलेला. एकाने मनात नियम धरायचा. बाकीच्यांनी आळीपाळीने पान टाकायचं, तो फक्त 'चालतं' किंवा 'नाही' म्हणणार. त्यावरून नियम ओळखायचा. कोणालाच जमलं नाही तर नियम धरणारा जिंकला. आमच्याकडे यात एक भर होती. ओळखलेला नियम ठरावासारखा मांडायचा आणि त्याला दुसऱ्या खेळाडूचं अनुमोदन लागायचं. ठराव चुकला तर मांडणारा आणि अनुमोदन देणारा, दोघेही बाद. हेही पप्पांचंच. एकट्याचं मत म्हणजे लहर, असं ते म्हणत.

नियम आईने धरला आणि सत्ती उघडली. मी नव्वी टाकली.

"चालतं."

पप्पांनी राजा टाकला.

"नाही."

पप्पा खूश झाले. नव्वीवर बहिणीने कामगार टाकला, चालला. मी राणी टाकली, तीही चालली. मला अंगात वीज भरल्यासारखं झालं. पत्त्यांतही राजेशाही नाकारणारी माझी आई!

"ठराव मांडते," मी म्हणाले. "राजा सोडून सगळे चालतात."

"जोरदार अनुमोदन," पप्पा म्हणाले.

"चूक," आई म्हणाली. "दोघंही उठा."

बहिणीने शांतपणे राणीवर राजा ठेवला.

"चालतं."

मग तिने चौकी टाकली. "नाही."

"कळलं," बहीण म्हणाली. "आधीच्या पानापासून जास्तीत जास्त दोन घरं पुढे-मागे जायचं. राजाची काही चूक नव्हती गं ताई, तो नव्वीवर पडला म्हणून गेला. तुम्ही दोघांनी त्याला परत चान्सच दिला नाहीत."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "अनुमोदन कोणाचं?"

बहिणीने आमच्याकडे पाहिलं. आम्ही बाद. पप्पांनी घसा खाकरला, पण बाद झालेल्याला बोलायचा हक्क नाही, हा नियम मीच आणला होता. मागच्या वर्षी, पप्पांना गप्प करायला.

"मग ठराव पडला," आई पत्ते गोळा करत म्हणाली. "पाटीवर माझं नाव. एकटीचं."

"हे समतेत बसत नाही," मी म्हणाले.

"नियमात बसतं ना?"

बसत होतं. स्क्रू मीच पिळले. बोटं दुखेपर्यंत पिळताना वाटलं, पाटी छान दिसते.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने पाटी वाचली आणि पप्पांना विचारलं, "काका, तुम्ही इथे भाड्याने का?"

"नाही रे," पप्पा म्हणाले. "मी अनुमोदनाला असतो."