लावून न बघितलेला बॅकअप

आमच्या ऑफिसात त्याला सगळे सासूबाई म्हणायचे. अगदी तोंडावर, आणि तोही हसायचा. कुणाचाही कोड पुढे आला की खोट काढल्याशिवाय त्याला घास गिळवायचा नाही. डेटाबेसातलं काही पुसायचं तर ज्या अटीने पुसणार तीच अट लावून आधी नुसत्या नोंदी बघायच्या, मग पुसायच्या. फॉर्ममध्ये कुणी काहीही भरो, तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही. आणि कोडमध्ये कुणा एकाचं नाव घालून सवलत द्यायची नाही, मालकाला सुद्धा नाही. मी त्याला दादा म्हणायचे आणि मनातल्या मनात शिव्याही घालायचे.

आमची वेबसाइट मुलांना गोष्टी ऐकवायची. कुणीही खातं उघडावं, गोष्ट वाचून चढवावी. साइट नवी, रिकामी होती तेव्हा वहिनीने, दादाच्या बायकोने, आमच्या मीटिंगच्या खोलीत बसून अकरा गोष्टी रेकॉर्ड केल्या. तिला तेव्हा सातवा महिना होता. लेक दीड वर्षाची झाली आणि वहिनी गेली.

पुढे साइटवर जागा पुरेना. दादानेच प्रोग्रॅम लिहिला: दोन वर्षं न उघडलेली खाती साफ. यादीत वहिनीचं खातं होतं.

"दादा, तेवढं एक वगळ ना! कोण विचारणार आहे?"

"आज माझी बायको, उद्या तुझी मावशी. नको."

"मग घरी उतरवून तरी घे."

तो कीबोर्डकडे बघत राहिला. "अजून ऐकवत नाही गं मला. लेक पाच वर्षांची झाली की दोघं मिळून ऐकू. तू रोज बॅकअप घेतेस, त्यात आहे ना?"

"आहे."

"परत आणून बघितलास?"

"बघितला. नोंदी मोजल्या, सगळ्या जुळल्या."

खोटं नव्हतं ते. पण माती खाल्ली ती तिथेच. डेटाबेसात गोष्टीचं नाव, तारीख आणि लांबी एवढंच असायचं. आवाज वेगळ्या डिस्कवर. माझा बॅकअप नुसत्या डेटाबेसाचा. रोज सकाळी 'यशस्वी' असा मेल यायचा आणि मी खुशाल चहाला जायचे. एक गोष्ट, एकच, लावून बघायला काय धाड भरली होती मला?

लेकीला पाच वर्षं पूर्ण झाली त्या दुपारी तो तिला ऑफिसात घेऊन आला. दोन वेण्या दादानेच घातलेल्या, एक वर, एक खाली. "आम्ही आईला ऐकायला आलोय," तिने मला सांगितलं. मी बॅकअप परत आणला. अकराच्या अकरा नोंदी आल्या. पहिली गोष्ट, चार मिनिटं बारा सेकंद. दादाने तिच्या कानांवर हेडफोन बसवला आणि बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. मी डिस्क धुंडाळली. फाइल नव्हतीच. दादाच्या प्रोग्रॅमने सगळं चोख पुसलं होतं, एकही चूक न करता.

"तू लावून बघितली नव्हतीस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही, दादा."

ओरडला असता तर बरं झालं असतं. एका चुकलेल्या अटीसाठी मला तासभर फैलावर घेणारा माणूस नुसता खुर्चीत बसला.

लेक डोळे मिटून, हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबून ऐकत होती. मध्येच तिने डोळे उघडले आणि चिडून ओठांवर बोट ठेवलं.

"गप्प बसा ना! तुमच्यामुळे आईचं काही ऐकूच येत नाहीये."

दादा गप्प बसला. मीही.