अल ऐनच्या वाटेवरची सीडी

२००८च्या मंदीत नवऱ्याची दुबईतली नोकरी गेली आणि त्याचं बोलणंच आटलं. पुढे अल ऐनच्या एका हॉस्पिटलमधून अकाउंट्सच्या मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा आम्ही तिघंही गाडीने निघालो. शेजारच्या कोलंबियन बाईने लेकीला एक सीडी दिली होती. त्यांच्याकडच्या एका गायकाने स्वतः लिहून गायलेली ती गाणी तिकडे घराघरांत वाजायची, म्हणे. वाळवंट लागल्यावर लेकीने ती लावली. ठेका ढोलकीसारखा नाचरा, पण शब्द एकही कळेना.

"व्हाय इज ही सो हॅपी?" लेकीने विचारलं.

"नोकरी असेल त्याला," नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला. किती दिवसांनी हसला होता!

हॉस्पिटलबाहेर आम्ही मायलेकी एसी लावून तीच गाणी ऐकत बसलो. तासाभराने तो टाय सैल करत आला.

"खलास!" तो म्हणाला.

मी गाण्याचा आवाज एकदम कमी केला.

"अगं, इथल्या भाषेत म्हणतोय. काम झालं! रविवारपासून या म्हणाले."

मी सीटवर मान टेकून डोळे मिटले. लेकीने आवाज वाढवला, तिला रागवायचं मला सुचलंच नाही.