चौथ्या गाण्यातली हाक

माझ्या धाकट्या भावाचा पहिला पगार एका इंग्रज गायकाच्या रेकॉर्डवर गेला. बँड मोडल्यावर त्यानं घरात एकट्यानं बसून केलेला अल्बम. गिटार त्याचीच, ड्रमही त्याचेच, मधूनमधून त्याच्या खुर्चीची करकरसुद्धा. "काय रडका माणूस आहे," म्हणत आई स्वयंपाकघरात जायची. मला मात्र वेड लागलं.

गाडीत ऐकायला हवा म्हणून भावानं दुबईतल्या अल बर्शाच्या आमच्या घरात स्पीकरसमोर मोबाईल ठेवून अख्खा अल्बम रेकॉर्ड केला आणि पेन ड्राइव्हवर दिला. नेटवर मिळाला असता, पण रेकॉर्डचा आवाज वेगळा म्हणे. शहाण्यानं दार मात्र लावलं नाही. चौथ्या गाण्यात मधेच आईची हाक: "भाकरी गार होतेय, या दोघं."

वाया घालवलास अल्बम, असं मी त्याला वर्षानुवर्षं ऐकवलं. गाडीत बसेल त्यालाही तेच सांगायची.

मग आई गेली. तेव्हा माझी लेक चार वर्षांची होती. आईचे फोटो ढीगभर, पण व्हिडिओत ती कॅमेरा दिसला की गप्प. बोलती आई उरली ती त्या गाण्यातच. ऑफिसला लवकर पोचले तर चौथं गाणं येईपर्यंत मी पार्किंगमध्ये बसून राहायची. खुर्ची करकरली की कळायचं नाही, इंग्लंडातली की आमच्या जेवणाच्या टेबलाची. मागच्या सीटकडे बघायची भीती वाटायची. खरंच वाटायची, तरी रोज लावायची. आणि लाजेपोटी कुणी विचारलं तर तेच जुनं उत्तर, वाया गेलेलं रेकॉर्डिंग आहे.

गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला, आता बारा वर्षांची झालेली लेक गाडीत म्हणाली, "ममा, आय क्लीन्ड युअर अल्बम. सम लेडी वॉज शाउटिंग." कुठल्याशा ॲपवर तिनं आवाज काढून टाकला होता. जुनी फाइल? "डिलीटेड. यू ऑल्वेज सेड इट वॉज स्पॉइल्ड."

खरंच होतं. मीच बोलले होते. भावाला फोन केला, तर तो मोबाईल केव्हाच भंगारात गेलेला.

दुसऱ्या दिवशी तिला शाळेत सोडताना चौथं गाणं लागलं. स्वच्छ, एकट्या माणसाचं गाणं. ती जागा आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आले गं."

लेकीनं इअरफोन काढला. "हू आर यू टॉकिंग टू?"

"आजीशी."

शाळेचं गेट आलं तरी ती उतरेना.

"द लेडी?" तिनं विचारलं. मग मराठीत, अडखळत, "काय म्हणत होती ती?"

मी सांगायला तोंड उघडलं. शब्द सगळे आठवत होते. आवाज आठवेना.