अण्णा बंद

आधीच सांगून टाकते, रस्त्यात उतारा दिसला तर मुद्दाम त्यावरून स्कूटी घालणारी बाई आहे मी. अंगात येणं, नजर लागणं, अमावस्या… सगळं थोतांड! आई मीठमोहऱ्या घेऊन मागे लागायची, तर मी म्हणायची, "त्या फोडणीत घाल, निदान वास तरी सुटेल." तेव्हा हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसले असते.

मी हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका छोट्या कंपनीत काम करते. घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं बनवतो आम्ही. पेशंटच्या बोटाला क्लिप लावायची, मशीनमध्ये सिमकार्ड असतं, नाडीचं आणि ऑक्सिजनचं रीडिंग क्लाउडवर जातं आणि आम्हाला ऑफिसात स्क्रीनवर दिसतं. ठीक असेल तर नावापुढे हिरवा ठिपका, ऑक्सिजन उतरला तर लाल. मशीनच बंद पडलं तर ठिपका करडा होतो आणि भोंगा वाजतो. त्या स्क्रीनवर एक नाव माझ्या वडिलांचं आहे.

अप्पांनी जन्मभर दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान चालवलं. आता फुप्फुसं पार गेलीत. रायापूरच्या घरी दिवसभर नाकात नळी. ती निघाली की बघता बघता ओठ निळे पडतात. मशीन मुळात माझ्या थोरल्या भावासाठी, अण्णासाठी आणलं होतं. अण्णा गेला आणि पुढे तेच अप्पांना लागलं. घरात सगळे त्याला 'अण्णाचं मशीन' म्हणायचे, मग म्हणता म्हणता नुसतं 'अण्णा' झालं. "अण्णा चालू केलास का गं?" "अण्णावरची धूळ पूस जरा." परक्या माणसाला वेडंच वाटावं. पण आई काही ते सोडेना, मग आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

एकदा अप्पा म्हणाले, "अण्णा वर गेला. तुमची माहितीही वरच जाते म्हणतेस. कधी गाठ पडते का बघ की."

मी खेकसले. "अप्पा, क्लाउड म्हणजे ढग नव्हे हो! कुठल्यातरी गावातले मोठे कंप्युटर असतात!" ते हसले.

त्या दिवशी दुपारी मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. अप्पांचा फोन आला. आवाज कसला, नुसती धाप. "अण्णा… बंद…" एवढंच ऐकू आलं, मग फोन कुठेतरी पडल्याचा आवाज. मशीन बंद! मी डबा तसाच टाकून स्क्रीनकडे धावले. बघते तर अप्पांच्या नावापुढे हिरवा ठिपका. ऑक्सिजन उत्तम, नाडी उत्तम, भोंगा नाही, काही नाही.

शेजारच्या टेबलावरचा विनायक म्हणाला, "रीडिंग चालू आहे की. कशाला घाबरतेस? जेव निवांत."

खोटं कशाला बोलू, मी खाली बसलेसुद्धा. ते मशीन आमचंच, त्याच्यावर विश्वास ठेवा म्हणून मीच लोकांना सांगत असते. पण अप्पा फोन उचलेनात. आईचाही नुसता वाजत राहिला. मग मात्र मी उठले. विनायकला फोन चालूच ठेवायला सांगितलं, कानात इयरफोन घातला आणि स्कूटी काढली. रस्ताभर मी एकच म्हणत होते — अप्पा, थांबा हो, थांबा, मी आले. देव न मानणारी मी, पण आठवतील तेवढ्या सगळ्या देवांना मी त्या रस्त्यावर हाका मारल्या. कानात विनायकचं आपलं एकच, "हिरवा आहे गं, हिरवाच आहे, हळू चालव."

घरात शिरले तर मशीनचा आवाजच नाही. लाइट गेलेली, इन्व्हर्टर जळल्याचा वास. आई मागच्या अंगणात पापड वाळत घालत होती, तिला पत्ताच नव्हता. आणि अप्पा… ओठ जांभळे, डोळे अर्धवट मिटलेले. मी कपाटामागचा जादा सिलिंडर ओढला. पाना दोनदा हातातून पडला. "अप्पा, श्वास घ्या! घ्या हो!" मी अक्षरशः ओरडत होते. नळी लावली, आणि किती तरी वेळाने त्यांची छाती नीट वर आली.

कानात विनायक. "अगं, ओरडतेस कशाला? सगळं नॉर्मल आहे इथे."

"विनायक, मशीन बंद आहे! लाइट नाही! क्लिप बोटात नाही, पलंगाजवळच्या खुर्चीवर पडलीय!"

त्याने कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मग हे कुणाचं येतंय? …आणि हे बघ, नाडीत मधूनच एक ठोका चुकतोय."

अप्पांची फुप्फुसं गेली असतील, पण ठोका कधी चुकला नाही. तो चुकायचा अण्णाचा, लहानपणापासून. आणि ती खुर्चीही त्याचीच. मी क्लिप उचलली.

"गेलं," विनायक म्हणाला. "करडा झाला." तेव्हा कुठे त्याच्या मागे ऑफिसातला भोंगा वाजायला लागला.

आम्ही नंतर सगळं तपासलं. जुनी रीडिंगं अडकून उशिरा आली म्हणावं, तर अण्णा होता तेव्हा आमच्याकडे क्लाउड नव्हताच, मशीनमध्ये सिमकार्ड बसवलं ते अप्पांच्या वेळी. आणि विजेविना मशीन पाठवणार तरी कसं? विनायक आता तो विषय काढला की उठून जातो.

हॉस्पिटलात अप्पा बोलायला लागले तेव्हा मी म्हटलं, "नशीब, तुम्ही फोन करून मशीन बंद पडल्याचं सांगितलंत."

त्यांनी मान हलवली. "बंद कुठे म्हटलं? अण्णा बंदा म्हटलं."

दुकानात कन्नड गिऱ्हाइकांशी बोलण्यात आयुष्य गेलेला माणूस, धाप लागली की तोंडात कन्नडच येतं. बंदा — म्हणजे आला. शेवटचा 'आ' काढायला त्यांना श्वास पुरला नव्हता.

"खुर्चीत बसला होता," अप्पा म्हणाले. "माझा हात हातात होता त्याच्या. तेवढ्यात तू आलीस." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

अण्णा अप्पांना वाचवायला आला होता की न्यायला? न्यायलाच असेल, म्हणून तर माझ्या स्क्रीनवरचा ठिपका हिरवा ठेवला ना त्याने, मी जेवत बसावं म्हणून? मला रागही आला त्याचा, फार आला. मग त्याच्याच आठवणीने रडत बसले. आता ऑफिसात हिरवा ठिपका दिसला की धडकी भरते. थोड्या थोड्या वेळाने घरी फोन लावते आणि अप्पांचा श्वास ऐकते.

काल सकाळी कामाला निघताना त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. नळी नीट करायची असेल म्हणून मी वाकले. त्यांनी माझा हात धरला.

"पुढच्या खेपेला नीट ऐक," म्हणाले. "बंद नाही. बंदा. आणि… घाई करू नकोस गं."