दिग्रसची दीपमाला मास्तर

दीपमाला मनवरच्या बँडच्या दुकानाची आणि माझ्या घराची भिंत एकच आहे. सकाळी मी चहा घेऊन पेपर उघडला, की पलीकडे क्लॅरिनेट सुरू होतं. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहून निवृत्त झालेला माणूस मी. आयुष्यभर यंत्रांचा खडखडाट ऐकला, आता थोडी शांतता मिळावी अशी माझी माफक इच्छा. ती काही पुरी होत नाही. तक्रार करायला गेलो तर बाई चहा पाजून परत पाठवते. तिचा बँड मिळाला नाही म्हणून आमच्या गावात लग्नाच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, अशा बाईविरुद्ध माझं कोण ऐकणार?

तिच्याआधी तिचे वडील बाबाराव मास्तर होते. लग्नाच्या बँडमध्ये मास्तर म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारा. तो सगळ्यांच्या पुढे, आपल्या माणसांकडे आणि नवरदेवाकडे तोंड करून, रस्त्याला पाठ देऊन चालतो. गाणं कोणतं घ्यायचं, कुठे सोडायचं, हे तो मानेनं आणि भुवयांनी सांगतो. बाबाराव जन्मभर असे उलटे चालले. दुकानासमोर सरळ चालताना मात्र दगडाला ठेचकाळायचे.

क्लॅरिनेट वाजवायला दम लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. दातही लागतात, हे आम्हाला कळलं ते बाबारावांचे वरचे दात साखरेच्या आजारानं गेले तेव्हा. त्यांनी कवळी बसवून घेतली. दारव्ह्याच्या एका वरातीत वरचा सूर लावताना ती निसटली आणि थेट घोडीच्या पुढ्यात पडली. घोडी बिचकली, नवरदेवानं तिच्या मानेला मिठी मारली आणि वऱ्हाडी पोट धरून हसले. बाबारावांनी कवळी रुमालात गुंडाळली, घरी आले आणि क्लॅरिनेट पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं. त्यानंतर ते लग्नाच्या रस्त्यानं जाईनात. बँड वाजला की घरात शिरून बसायचे. मला तेव्हा त्या हसणाऱ्यांचा फार राग आला होता, अजूनही येतो.

कुलूप उघडलं ते दीपमालानं. ती बाबारावांची एकुलती एक. बी.ए. झालेली, झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी. बापाशेजारी बसून लहानपणीच वाजवायला शिकली होती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तिनं वाजवलं, तेव्हा गावानं कौतुकही केलं होतं. पण मिरवणूक वेगळी आणि लग्नाच्या वरातीत मास्तर होणं वेगळं. कौतुक करणाऱ्यांपैकीच कित्येकांनी आता नाकं मुरडली.

बँडमधली माणसं बसली दुकानात. त्यांच्या वतीनं बोलले मन्सूरचाचा. हे ड्रमवाले, बाबारावांचे जन्माचे सोबती.

"बेटी, तुह्या हातात सूर हाय, मी नाई म्हनत नाई," चाचा म्हणाले. "पन मास्तर होनं म्हंजे नुसतं वाजवनं नाई. चुकलं तं साऱ्याले सांभाळून न्या लागते. एक वरात पाहू. जमलं तं आमी तुह्यामागं. नाई जमलं तं आमी सारे चाललो पुसदवाल्याच्या बँडात. त्याचा निरोप येऊन राह्यला."

म्हणजे एका वरातीवर बापाचा बँड राहणार की मोडणार ते ठरायचं होतं. दीपमाला म्हणाली, "पाहा चाचा." एवढंच.

ती वरात होती माझ्या भाच्याची, अमरची. बँड मी ठरवला होता. अमरची आई, म्हणजे माझी मोठी बहीण विमलताई, माझ्यावर उखडली. "काहून रे, गावातले सारे बँडवाले मेले का? नवरदेवापुढं बाई उलटी चालत जाईन? लोक हासतीन ना!"

"हासू दे. लग्नात कोनी रडाले येते काय?" मी म्हणालो. माझा स्वभावच असा आहे, कोणी नको म्हटलं की मला तेच हवं असतं.

मे महिन्यातली संध्याकाळ. विहारात वंदना झाली, अमर घोडीवर बसला. दीपमालानं बापाचा सोनेरी झालरीचा कोट आपल्या मापाचा करून घेतला होता. केस घट्ट बांधले, रस्त्याला पाठ केली आणि सुरुवात केली. पोरगी छान वाजवत होती. पोरं नाचायला लागली, विमलताईच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. आणि मुख्य चौकात समोरून दुसरी वरात आली. तिच्यापुढे होता पुसदवाल्याचा बँड.

आमच्याकडे दोन वराती समोरासमोर आल्या की कोणी सहज वाट देत नाही. बँडवाले आळीपाळीनं गाणी वाजवतात. आपल्या पाळीला जो थांबला, किंवा जो दुसऱ्याच्या गाण्यात वाजवायला लागला, तो हरला. त्यानं आपला नवरदेव बाजूला घ्यायचा. मांडवात भंतेजी आणि भटजी घड्याळाकडे बघत बसतात, पण त्या वेळी त्यांना विचारतो कोण?

पुसदच्या मास्तरनं दीपमालाला नखशिखांत न्याहाळलं. "बाबारावचे दात पडले म्हून पोरगी धाडली काय?" तो मोठ्यानं म्हणाला. त्याचे लोक हसले. दीपमालाचा चेहरा लाल झाला. तिनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

गाण्याला गाणं भिडू लागलं. तो एक काढी, ही दुसरं काढी. दुकानदार बाहेर आले, एसटी मागे अडकली, ड्रायव्हर हॉर्न सोडून टाळ्या वाजवायला लागला. आणि अशा ऐन रंगात दीपमाला चुकली.

झालं असं, की बाबाराव रियाज करताना एक दमछाक करणारं नाचगाणं वाजवायचे आणि लगेच, श्वास जागेवर यावा म्हणून, मुलीच्या पाठवणीची सावकाश चाल घ्यायचे. दीपमाला त्याच क्रमानं शिकलेली. तिनं ते नाचगाणं वाजवलं, संपवलं, पुसदवाल्याची पाळी झाली, तिची पाळी आली आणि बोटं आपोआप पाठवणीच्या चालीवर गेली.

नवरी अजून मांडवात यायची होती, माळा पडायच्या होत्या आणि चौकात पाठवणी सुरू! ती चाल आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. विमलताईनं कपाळावर हात मारला. नाचणारे जागच्या जागी थांबले. बँडवाल्यांनी एकेक करून वाद्यं खाली घेतली. पुसदवाला मिशीत हसत उभा राहिला, त्याला आता काही करायचीच गरज नव्हती. दीपमाला थांबली तर हरली, आणि न थांबली तर लग्नात अपशकुन केला म्हणून कायमची गेली.

ती थांबली नाही. एकटं क्लॅरिनेट वाजत राहिलं. तिनं पहिली ओळ पुन्हा घेतली, पण आता सूर लांबवायच्या ऐवजी ते मध्येच तोडायला लागली. तोडायची, थांबायची, पुन्हा उचलायची. आणि नजर मन्सूरचाचांवर. ती त्यांना ठेका मागत होती. चाचांच्या काठ्या हातात होत्या. त्यांनी त्या नुसत्या काखेत धरल्या असत्या तरी बँड त्याच मिनिटाला पुसदचा झाला असता.

चाचांनी काठ्या ड्रमवर आणल्या. धिमा ठेका, पण ताठ, आणि शेवटी एक झटका. बँडवाले त्याला टँगो म्हणतात. चाचांच्या उस्तादांनी तो तरुणपणी सर्कशीच्या बँडात उचललेला. दिग्रसमध्ये तो कोणी वाजवत नव्हतं, कारण त्यावर नाचता येत नाही असा सगळ्यांचा समज. त्या ठेक्यावर ती रडकी चाल चालली मात्र, तिचा नूरच बदलला. घर सोडून जाणारी पोरगी रडत नाही, मान वर करून निघाली आहे, असं वाटायला लागलं. कर्णे उठले, मोठा भोंगा खालच्या सुरात घुमला.

सगळ्यांत आधी अमर घोडीवरून उतरला. त्यानं आईचा हात धरला आणि विमलताई, तीच विमलताई, दोन पावलं टाकून झटक्यासरशी अशी वळली, की मी तोंडात बोट घातलं. मग चौक नाचला. समोरच्या वरातीतले लोक आमच्यात आले. आणि पुसदवाल्याचा स्वतःचा ड्रमवाला, बिचारा, त्याच्या हातांना राहवेना, तोही तोच ठेका वाजवायला लागला!

पुसदच्या मास्तरनं वळून त्याच्याकडे पाहिलं. झालं, खेळ संपला होता. माणूस रगेल असला तरी रीत पाळणारा निघाला. त्यानं स्वतः घोडीचा लगाम धरून आपला नवरदेव बाजूला घेतला आणि दीपमाला समोरून जाताना क्लॅरिनेट कपाळाला लावलं. आनंदानं मी इतका ओरडलो, की दुसऱ्या दिवशी घसा बसला.

मंगल कार्यालयाच्या दारात दीपमालाचे डोळे भरून आले. "चाचा, माही चूक झालती."

"मालूम हाय," मन्सूरचाचा घाम पुसत म्हणाले. "मी बाबारावच्या संगं सारी जवानी काढली. तो चुकला का वाजवनं बंद करे. तू नाई केलं. पुसदवाल्याले सांगतो, आमाले मास्तर हाय म्हना."

तेव्हापासून आमच्याकडे नवरदेवाच्या स्वागतालाच टँगोवरची पाठवणी मागतात. वणीपासून पुसदपर्यंत तिची नक्कल होते. डीजेवाले सुद्धा तसा ठेका शोधत फिरले. कोणीतरी दीपमालाला मोबाईलवर परदेशातला टँगो दाखवला. बाया-पुरुष एकमेकांना चिकटून नाचत होते. ती मला म्हणाली, "काका, आपल्याकडं असं नाचले तं वरात पोलीस ठाण्यातच जाईन." पण त्यांच्या बँडचा मास्तर तिला आवडला. पोरं कशी त्याच्याकडे बघून वाजवतात, ते तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं.

आता तिच्या बँडात निकिता आणि पायल कर्णा वाजवतात. दुकानाच्या पाटीवर 'मास्तर : दीपमाला मनवर' असं रंगवलं आहे. आणि बाबाराव घरात लपून बसणं सोडून परत रस्त्यावर आले. झांज वाजवायला दात लागत नाहीत. ते सगळ्यात मागच्या रांगेत चालतात, बिना कवळीचे, खुशाल हसत.

यंदा राळेगावच्या एका वरातीला मी सोबत गेलो होतो. टँगो रंगात आला होता. बाबाराव लेकीकडे बघण्यात इतके गुंगले, की त्यांची झांज मागे पडायला लागली. दीपमालानं हात वर करून अख्खा बँड थांबवला. सगळ्यांसमोर.

"ओ झांजवाले! लक्ष कुठं हाय?"

मला वाटलं, म्हातारा दुखावणार. बाबारावांनी मागच्या रांगेतून मान वर केली, छाती फुगवली आणि सगळ्या वरातीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"चुकलो, मास्तर!"